बेंतो द गोइशचे शेवटचे अकरा दिवस आणि चौलचा इसाक

मागे मंडळाच्या बैठकीत अकबराच्या दरबारात गेलेल्या जेझुइट पाद्र्यांवर बोलत होतो, तेव्हा शेवटी एका सभासदाने विचारलं, "भाऊ, हे सगळे आग्र्या-लाहोरपर्यंतच गेले. गोव्याहून निघून जमिनीवरून थेट चीनला पोचलेला कुणी आहे का?" मी म्हटलं, आहे एक. पोचला म्हणजे सीमेच्या आत एक मुक्काम पोचला आणि तिथेच मेला. त्यावर ते म्हणाले, मग त्याची गोष्ट कुणी सांगितली? प्रश्न साधा, पण त्याच्याच मागे लागून हा लेख तयार झाला. उत्तर आपल्या रायगड जिल्ह्यात येऊन थांबतं. ते शेवटी येईलच.

माणसाचं नाव बेंतो द गोइश. गोइश हे पोर्तुगीज आडनाव आहे, गोव्याशी त्याचा संबंध नाही. हे आधीच सांगतो, कारण मीही पहिल्यांदा फसलो होतो. जन्म १५६२ च्या सुमारास, अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर. हिंदुस्थानात आला तो शिपाई म्हणून. १५८४ मध्ये गोव्यात जेझुइट संघात शिरला, मग बाहेर पडला, होर्मूझला गेला आणि १५८८ मध्ये परत आत आला. पाद्री तो कधीच झाला नाही, ब्रदरच राहिला. १५९५ मध्ये जेरोम झेवियरबरोबर तो लाहोरला अकबराच्या दरबारी गेला. हा जेरोम म्हणजे आपल्या जुन्या गोव्यात ज्याचं शव आहे त्या फ्रान्सिस झेवियरच्या नात्यातला, दोन पिढ्यांनी धाकटा. तिथे गोइश चांगलं फारसी शिकला. असीरगडच्या वेढ्याच्या वेळी तो खानदेशात बादशहाच्या छावणीत होता आणि १६०१ मध्ये अकबराच्या वकिलाबरोबर गोव्याला आला. फारसी येणारा, शिपाईगिरी केलेला, दरबारात उठबस असलेला माणूस. गोव्यातल्या वरिष्ठांना असाच कुणीतरी हवा होता.

कशाला हवा होता? तर 'कॅथे' शोधायला. मार्को पोलोपासून युरोपात या कॅथे देशाचा बोलबाला होता. तिकडे मोठी शहरं आहेत आणि ख्रिस्ती लोकही आहेत, असं लाहोरच्या एका मुसलमान व्यापाऱ्याने जेरोम झेवियरला सांगितलं. दुसरीकडे पेकिंगला बसलेला मातेओ रिची कळवत होता की कॅथे म्हणून वेगळा देश नाहीच, चीन म्हणजेच कॅथे. रिची गणिती माणूस. युरोपातले नकाशे त्या मुलखाला पन्नासाव्या अक्षांशापर्यंत वर नेत, रिचीने पेकिंगचा अक्षांश स्वतः मोजला तो चाळीसच्या आसपास निघाला. माझ्यासारख्या इंजिनियरला एवढा पुरावा पुरला असता. पण गोव्याला आणि रोमला तो पुरला नाही. त्यांना चालत जाऊन पाहिलेलं हवं होतं. आमच्या खात्यातही नकाशा बरोबर असला तरी साहेब म्हणायचे, "साइटवर जाऊन या." तसंच हे.

२९ ऑक्टोबर १६०२ ला गोइश आग्र्याहून निघाला. अंगावर आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेश, नाव अब्दुल्ला इसाई. म्हणजे ख्रिस्ती असल्याचं त्याने लपवलं नव्हतं, पोर्तुगीज असल्याचं लपवलं होतं. बरोबर दोन ग्रीक, एक लेओन ग्रिमानो आणि दुसरा देमेत्रिओस, आणि लाहोरला घेतलेला एक आर्मेनियन, इसाक. ग्रिमानो काबूलपर्यंतच टिकला. देमेत्रिओस मागे राहिला, पुढे यारकंदला येऊन मिळाला, पण त्याच्या पुढे काही गेला नाही. उरला तो इसाक. त्याचा घरसंसार लाहोरला होता. पाच वर्षांच्या या प्रवासात शेवटपर्यंत गोइशजवळ राहिलेला हा एकच माणूस.

मधला प्रवास इथे भरभर सांगतो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लाहोरहून पाचेकशे माणसांच्या काफिल्याबरोबर अटक, पेशावर, काबूल. काबूलला काशगरच्या राजाची बहीण मक्केहून परत येताना पैशाच्या अडचणीत सापडली होती. गोइशने तिला सहाशे सोन्याची नाणी बिनव्याजी उसनी दिली. तिचा मुलगा खोतानचा राजा. तिने कर्ज फेडलं ते जेडच्या रूपात. जेड म्हणजे हिरवट-पांढरा, अतिशय कठीण दगड. खोतानच्या नदीत सापडतो, डोंगरातूनही काढतात. चीनमध्ये त्याला मोठी किंमत, त्यामुळे पश्चिमेकडून चीनला जाणाऱ्या व्यापाऱ्याची पुंजी म्हणजे हाच दगड. ही उसनवारी लक्षात ठेवा, कारण गोइशचा शेवट याच जेडभोवती फिरतो. पुढे पामीरची थंडी, मेलेले घोडे, नोव्हेंबर १६०३ मध्ये यारकंद, तिथे वर्षभर मुक्काम, मग आक्सू, कूचा आणि चालीश.

चालीशला (आजचं काराशहर) एक गोष्ट घडली, तिथे जरा थांबायला हवं. पेकिंगहून परतणारे काही मुसलमान व्यापारी तिथे भेटले. पेकिंगला परदेशी वकिलांसाठी असलेल्या सरकारी धर्मशाळेत ते रिची आणि त्याच्या सोबत्यांबरोबर राहिले होते. नवलाई म्हणून तिथल्या केरातून उचललेला एक कागदाचा कपटा त्यांनी जपून आणला होता. गोइशने पाहिला तर त्यावर पोर्तुगीज अक्षरं! म्हणजे हे लोक ज्या शहराला खानबालिक म्हणतात ते पेकिंग, आणि ज्याला कॅथे म्हणतात तो चीन. ज्या प्रश्नासाठी एवढी पायपीट केली त्याचं उत्तर केरातल्या कपट्यावर मिळालं. रिची बरोबर होता. इथून परत फिरला असता तरी चाललं असतं, काम झालं होतं. पण मागे वाट अडीच-तीन वर्षांची आणि पुढे आपली माणसं, तेव्हा तो पुढे निघाला.

तुर्फान, हामी आणि मग वाळवंट. या पट्ट्यात दरोडेखोरांच्या भीतीने काफिला रात्रीचा, मुकाट्याने चालायचा. एका रात्री गोइश घोड्यावरून पडला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, सगळे पुढे निघून गेले. मुक्कामाला पोचल्यावर इसाकने पाहिलं, मालक नाही. तो अंधारात एकटा मागे फिरला. सहा मैल मागे येशूच्या नावाचा पुटपुटणारा आवाज कानावर आला, त्या अंदाजाने त्याने गोइशला शोधलं आणि उचलून आणलं. त्या रात्री इसाक मागे फिरला नसता तर हा लेखही झाला नसता.

जियायुग्वान म्हणजे चीनच्या भिंतीचं पश्चिमेचं दार. तिथे परवानगीसाठी पंचवीस दिवस थांबवलं. मग एका दिवसाच्या वाटेवर सूचौ. (हे सूचौ गान्सू प्रांतातलं. रेशमासाठी आणि बागांसाठी प्रसिद्ध असलेलं सूचौ पूर्व किनाऱ्याजवळचं; चिनी लिपीत दोन्हींची अक्षरं वेगळी आहेत, आपल्या कानाला मात्र नाव एकच. गान्सूतल्या या गावाला आज जिउच्वान म्हणतात, चीनच्या उपग्रह केंद्रामुळे ते नाव आपल्याकडेही ऐकलेलं असतं.) १६०५ सरता सरता गोइश तिथे पोचला. तेरा जनावरं, पाच नोकर, दोन मुलगे आणि भरपूर जेड असा त्याचा लवाजमा होता. पैशाने तो या वेळी सुस्थितीत होता.

आणि तिथेच तो अडकला. याचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर सोळा महिने एका गावात बसून काय केलं, असं वाटतं. त्या काळी चीन जमिनीवरून येणाऱ्या व्यापाऱ्याला व्यापारी म्हणून आत घेतच नसे. तुम्ही कुठल्यातरी राजाचे वकील असायला हवं आणि बादशहासाठी नजराणा आणलेला हवा. म्हणून सगळे व्यापारी वकील बनत, खोटी पत्रं दाखवत आणि जेड 'नजराणा' म्हणून नेत. हे नाटक आहे हे चिनी अधिकाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. पण पुढे पेकिंगपर्यंत ठरावीक लोकांनाच, ठरावीक मुदतीने सोडायचे. बाकीच्यांनी सूचौला बसून वाट पाहायची. गाव दोन भागांत होतं, एकात चिनी आणि दुसऱ्यात पश्चिमेकडून आलेले मुसलमान व्यापारी. रात्री त्या भागाचे दरवाजे बंद होत. म्हणजे रोजचं जगणं कोंडल्यासारखं, खर्च मात्र तेरा जनावरांचा आणि सात माणसांचा. धान्य महाग. जेडचा एक मोठा तुकडा जवळजवळ निम्म्या भावाला विकावा लागला.

गोइशने पेकिंगला पत्र लिहिलं. पण पत्ता कसा घालणार? चिनी लिपी येत नाही, रिचीचं चिनी नाव ठाऊक नाही, तो पेकिंगच्या कुठल्या भागात राहतो तेही माहीत नाही. रोमन अक्षरांतला पत्ता पेकिंगमध्ये कोण वाचणार? पहिलं पत्र पोचलंच नाही. १६०६ च्या ईस्टरच्या सुमारास दुसरं दिलं, तेही परवानगीशिवाय गुपचूप निघालेल्या एका मुसलमानाच्या हाती. ते नोव्हेंबरच्या मध्याला रिचीच्या हातात पडलं. साडेसात महिने. आणि ते पोचवलं ज्या समाजावर गोइशचा पुढे अजिबात विश्वास उरला नाही, त्यातल्याच एकाने. हे मुद्दाम नोंदवतो.

रिचीने पाठवलेला माणूस जुवांव फर्नांडिस. नाव आपल्या म्हापशाच्या बाजारात हाक मारावी असं, पण माणूस चिनी, मूळ नाव झोंग मिंगली, तरुण आणि अजून संघात रीतसर न घेतलेला. ११ डिसेंबर १६०६ ला तो पेकिंगहून निघाला, ऐन थंडीत. वाटेत शीआनला त्याचा नोकर निम्मे पैसे घेऊन पळाला. तरी हा पुढे गेला आणि ३१ मार्चच्या सुमारास सूचौला पोचला. आजच्या रस्त्याने हे अंतर दोन हजार किलोमीटरच्या घरात भरतं. एकशे दहा दिवस धरले तर दिवसाला सरासरी अठरा किलोमीटर, थांबे धरून. निम्मे पैसे गेलेल्या माणसाला हिवाळ्यात हा वेग कमी नाही. अशी आकडेमोड केली की फर्नांडिसबद्दलचा आदर माझा तरी वाढतो.

गोइश अंथरुणाला खिळला होता. फर्नांडिसने दारातून त्याला पोर्तुगीजमध्ये हाक मारली. चार वर्षांहून जास्त काळ फारसी, तुर्की, चिनी ऐकून थकलेल्या कानांवर तो शब्द पडला. गोइशने रिचीची पत्रं हातात घेतली, वर धरली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने वृद्ध शिमोनाचं स्तोत्र म्हटलं, 'आता तुझ्या सेवकाला शांतीने जाऊ दे' या आशयाचं. त्या रात्री पत्रं त्याने उराशी ठेवली असं रिची लिहितो. त्यानंतर अकरा दिवस. औषध देणारं कुणी नाही, आजार वाढत गेला, विषप्रयोगाचा संशयही मागाहून घेतला गेला. शुद्धीत असताना त्याने निरोप दिला: मुसलमान व्यापाऱ्यांवर भरवसा ठेवू नका, आणि ही वाट लांबची आणि धोक्याची आहे, इकडून परत कुणाला पाठवू नका. ११ एप्रिल १६०७ ला तो गेला. प्रार्थनेची पुस्तकं जवळ नव्हती, म्हणून इसाक आणि फर्नांडिस माळ जपत तिरडीमागे चालले.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण मला इतिहासकार म्हणून खरा रस आहे तो पुढच्या पाच महिन्यांत.

काफिल्याचा रिवाज असा की वाटेत मेलेल्याचा माल सोबत्यांनी वाटून घ्यायचा. त्यानुसार व्यापाऱ्यांनी गोइशची सगळी चीजवस्तू ताब्यात घेतली, इसाकला बांधलं, आणि मुसलमान हो नाहीतर मारू, अशी धमकी दिली. गोइशची रोजनिशीही त्यांच्या हाती लागली. तीत गावांची नावं, मुक्काम, अंतरं तर होतीच, पण कुणाला किती उसने दिले हेही टिपलेलं होतं. देणेकऱ्यांनी ती फाडली.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या नोकरीची पहिली वर्षं आठवली. पाणीपुरवठ्याच्या एका कामावर ठेकेदाराच्या बिलावरून वाद झाला आणि मोजमाप-वहीची नेमकी चार पानं गायब झाली. ती कुणी काढली ते सगळ्यांना माहीत होतं आणि सिद्ध कुणालाच करता आलं नाही. त्या चार पानांत पाइपलाइनच्या पातळ्याही होत्या, त्यांच्याशी त्या माणसाचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त आकडे नको होते. पण पातळ्या गेल्या त्या गेल्याच, पुढच्या माणसाला परत लेव्हल काढाव्या लागल्या. गोइशची वही फाडणाऱ्यांनाही मध्य आशियाच्या भूगोलाशी वैर नव्हतं. त्यांना कर्ज बुडवायचं होतं. एवढ्यासाठी यारकंद ते सूचौ या वाटेचं त्या शतकातलं बहुतेक एकमेव युरोपीय टिपण गेलं.

फर्नांडिसने दावा लावला. कान्चौच्या सुभेदाराकडे अर्ज, खालच्या अधिकाऱ्यांना व्यापाऱ्यांकडून लाच, फटक्यांची धमकी, खर्चासाठी स्वतःचे कपडे विकणं, हे सगळं झालं. अडचण आणखी एक होती. इसाकला फारसी येई, फर्नांडिसला चिनी आणि पोर्तुगीज. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. न्यायाधीशासमोर बोलायची वेळ आली तेव्हा फर्नांडिसने प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, आणि इसाक बेंतो द गोइशचं नाव आणि येत असलेले चार-दोन पोर्तुगीज शब्द बोलत राहिला. कोर्टात कुणालाच काही कळेना, तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की हे कँटनकडचं बोलणं आणि या दोघांचं आपसांत चांगलं जमतंय! पुढे खटला चालू असतानाच फर्नांडिस इसाककडून कामापुरतं फारसी शिकला.

फर्नांडिसने आपण मयताचा भाचा असल्याचं सांगितलं. खोटंच ते. व्यापारी म्हणत, मयत आमच्या धर्माचा, माल आमचा. तेव्हा फर्नांडिसने बाहीतून डुकराच्या मांसाचा तुकडा काढला, आणि तो आणि इसाक भर कोर्टात तो खाऊ लागले. लोक हसले, व्यापारी किळस येऊन बाजूला झाले, आणि निकाल इसाकच्या बाजूने लागला. हाताला काय लागलं? पुरून ठेवलेला थोडा जेड, एवढाच. देणी फेडून वाटखर्चापुरते पैसे उरले. ऑक्टोबर १६०७ च्या अखेरीस दोघे पेकिंगला पोचले. इसाकजवळ सोनेरी कागदावर काढलेलं क्रुसाचं चित्र, काशगर, खोतान आणि चालीशच्या राजांची परवानापत्रं, आणि वहीचे वाचवलेले काही कपटे होते.

महिनाभर इसाक पेकिंगला राहिला आणि रिचीने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. आज गोइशबद्दल आपण जे सांगतो ते बहुतेक या एका महिन्यातलं. कशी साखळी आहे पाहा: इसाकची आठवण फारसीत, ती फर्नांडिसच्या पाच महिन्यांच्या फारसीतून रिचीकडे, रिचीने लिहिलं इटालियनमध्ये, रिची १६१० मध्ये वारल्यावर त्रिगोने ते लॅटिनमध्ये आणून १६१५ मध्ये आउग्सबुर्गला छापलं. चार भाषा. त्यात गावांच्या नावांचा जो चुथडा झाला तो सोडवताना नंतरच्या अभ्यासकांनी डोकं फोडून घेतलं आहे. गोइशच्या वाटेतली लाहोरपलीकडची कितीतरी मुक्कामांची अंतरं एकमेकांशी जुळत नाहीत. लोक म्हणतात गोइश गोंधळला. माझं मत वेगळं आहे. गोइशची वही गोंधळलेली नव्हती, ती आपल्याकडे नाही एवढंच. आपल्याकडे आहे ती हिशोब न ठेवणाऱ्या माणसाची आठवण, आणि त्या मानाने ती कमालीची चांगली आहे.

दुसरी सावधगिरी. या कथनात मुसलमान व्यापारी सरसकट खलनायक आहेत. सांगणारा बांधला गेला होता, मालक गमावलेला होता. त्याला तसं दिसलं यात नवल नाही. पण मयताचा माल वाटून घेणं हा काफिल्याचा जुना रिवाज होता, इसाकसाठी निघालेली नवी लूट नव्हे. आणि काबूलपासून सूचौपर्यंत गोइश जिवंत पोचला तो अशाच काफिल्यांच्या आधाराने. आपल्याकडचे जुने लेख वाचताना ही बाजू पूर्ण सुटते.

आता इसाक. पेकिंगहून त्याला मकावला पाठवलं, तिथून हिंदुस्थानच्या जहाजावर. सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ डचांनी ते जहाज पकडलं. मलाक्काच्या पोर्तुगीजांनी पैसे भरून त्याला सोडवलं. परत जहाज. हिंदुस्थानला पोचल्यावर बायको वारल्याची बातमी कळली. मग मोगल मुलखात तो परत गेलाच नाही. तो चौलला राहिला, आणि त्रिगोच्या पुस्तकात तो तिथे हयात असल्याचा उल्लेख आहे.

चौल म्हणजे आपलं रेवदंडा-चौल, अलिबागच्या खाली. पोर्तुगीजांचा तटबंदीचा कोट, ज्याला स्थानिक लोक आगरकोट म्हणतात. गेल्या हिवाळ्यात मी तिथे दोन दिवस होतो. तटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, सातखणी मनोरा उभा आहे, पडक्या चर्चच्या भिंतींतून वड वाढलाय. एका वाडीवाल्या काकांना मी सांगितलं की चारशे वर्षांपूर्वी इथे एक आर्मेनियन राहायचा, तो लाहोरहून चालत चीनला गेला होता आणि समुद्राने परत आला. ते म्हणाले, "अहो, मग त्याचं घर कुठलं?" मी तटाकडे पाहून म्हटलं, याच कोटात कुठेतरी. त्यांनी शहाळं फोडून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.